आप्पासाहेबांची म्हैस आणि उंबरदऱ्याचा टॉवर

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, मांजरतळ, जि. नांदेड.

विषय : मौजे उंबरदरा येथील मोबाइल टॉवरचे सील काढणेबाबत.

संदर्भ : १) आपला सील आदेश, दि. ४ जुलै २०२५. २) माझा अर्ज, दि. ११ ऑगस्ट २०२५ व त्यावरील आपला शेरा.

महोदय,

मी उंबरदऱ्याची रहिवासी असून कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते.

१. जूनमध्ये सरपंच आप्पासाहेब यांची म्हैस गाभडली. गोठ्यामागे टॉवर असल्याने दोष टॉवरला लागला. ग्रामसभेच्या ठरावात 'किरणोत्सर्गी टॉवर' असा शब्द पडला आणि आपण तो आदेशात जसाच्या तसा उतरवला. किरणोत्सर्ग युरेनियममधून होतो. टॉवरमधून निघतात त्या रेडिओलहरी. त्यांना प्रारण म्हणतात. त्यांच्या एका कणापेक्षा उन्हाच्या एका कणात काही लाख पट ऊर्जा असते. आपल्या न्यायाने आधी सूर्य सील व्हायला हवा. तसा ठराव अद्याप आलेला नाही. म्हशीच्या रक्ताचा अहवाल सोबत आहे. तिला सांसर्गिक गर्भपाताचा रोग होता. तो टॉवरमुळे होत नाही.

२. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो, दूर असला की ओरडतो. सील लागल्यापासून गावातले फोन सात किलोमीटरवरच्या टॉवरला पूर्ण ताकदीने ओरडत आहेत. म्हणजे गावकऱ्यांच्या डोक्यापर्यंत पोचणारे प्रारण आपल्या आदेशाने वाढले. ते अजूनही मर्यादेत आहे, याचे श्रेय फोन बनवणाऱ्यांचे. सरपंच रोज पाण्याच्या टाकीवर चढून अर्धा तास बोलतात. फोन कानापासून दूर धरा, स्पीकर लावा, थोडक्यात आटपा, असे मी त्यांना सुचवले. "रेंज लई कमी हाय मॅडम, म्हणून तर घट्ट दाबून धरून राहिलो," असे ते म्हणाले.

३. माझी भावजय लुंबिनी हिला नववा महिना चालू असून रक्तदाब वाढलेला आहे. डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच १०८ ला फोन करा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. घरात फोन लागत नाही. १ सप्टेंबरला तिला अंधारी आली. माझा भाऊ संघपाल टाकीच्या बासष्ट पायऱ्या चढला आणि विसाव्या मिनिटाला त्याचा फोन लागला. त्या दिवशी दोन्ही जीव वाचले. म्हशीच्या गर्भाचा आपण पंचनामा करवला होता. याही गर्भाची नोंद घ्यावी.

४. माझा मागील अर्ज आपण 'अर्जदाराचा मोबाइल लागत नाही, सबब निकाली' असा शेरा मारून बंद केला. माझी तक्रार नेमकी तीच होती.

लुंबिनीची तारीख २६ सप्टेंबर आहे. त्यापूर्वी सील काढावे. उत्तर पोस्टाने पाठवावे.

आपली, अद्याप नम्र,
बुद्धप्रिया रामकिशन गजभारे
मौजे उंबरदरा, दि. ८ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. म्हशीचा रक्त तपासणी अहवाल, मूळ प्रत. म्हशीला आता त्याची गरज नाही.
२. लुंबिनीचा तपासणी कागद, छायाप्रत. मूळ प्रत घरी दाराशेजारी, दवाखान्यात न्यायच्या पिशवीत ठेवली आहे.