कॉलनीभर केक

दि. ४ जून

चि. सूनबाईस अनेक उत्तम आशीर्वाद. मुंगीला गालगुच्चा. वि. वि.

मी सुखरूप पोचले. गुडघा कुरकुरतो, पण त्याला मी भीक घालत नाही. तुझ्या नवऱ्याचं क्वार्टर ऐसपैस आहे. माझ्या लेकाचं म्हणायला आज जीभ वळत नाही, का ते सांगते. ही कारखान्याची कॉलनी. दारासमोर दार, खालच्या मजल्यावर त्याचे मोठे साहेब. स्वयंपाकघरात चांगला ओव्हन आहे आणि त्यात ह्याने जुने बूट ठेवलेत!

काल समोरची बाई आली. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, नात जन्मतःच गेली हे ऐकून फार वाईट वाटलं, आणि त्या धक्क्याने सूनही माहेरी निघून गेली म्हणे. मला वाटलं, बाई दार चुकली. मग उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी बदलीचं निमित्त करून हा इथे आला आणि तुम्हां दोघींना विसरला, तो असा. पाच वर्षांची माझी मुंगी ह्याने सगळ्या कॉलनीला मेली म्हणून सांगितली आहे.

मी तिला काही बोलले नाही, त्यालाही नाही. रडलेही नाही, रडायची पाळी त्याची. बूट काढून ओव्हन लख्ख पुसला. तू एवढंच कर, मुंगीचं जे जे नवीन होईल ते पत्राने कळव, कितीही लहान असो. फोन नको, तो कान देऊन ऐकतो.

लोभ आहेच. राग मात्र जपून ठेव, उगाच वाया घालवू नकोस.

तुझी
सासू


दि. ११ जून

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि शिलाई मशीन बंद केलं. डोक्यात राग असताना गिऱ्हाइकाची पँट आखूड करू नये. पहिल्यांदा वाटलं, बस पकडावी आणि मुंगीला नेऊन त्याच्या ऑफिसातल्या टेबलावर बसवावं. पण ती अजून आधाराशिवाय कलंडते. सूड उगवायलासुद्धा आधी पाठ ताठ व्हावी लागते, आई!

जन्मताना तिला श्वास कमी पडला, त्यात तिचा काय दोष? आणि माझा? निदान मला तरी मारायचं होतं त्याने. तिला का?

तुम्ही नवीन विचारलंत. लोकांच्या लेखी काहीच नाही. परवा मुंगीने नळीने रस ओढला. आजवर नळी फक्त चावायची. व्यायामवाल्या ताई तिच्या गालांना बोटं लावून किती दिवस शिकवत होत्या. रस अर्ध्यावर आला, खाली गेला, पुन्हा चढला आणि तोंडात पोचला. ती इतकी दचकली की शिंकलीच, आणि सगळा रस माझ्या मांडीवरच्या, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटवर. पँटचा मालक बोलबोल बोलला. मी आपली हसत उभी.

एवढीशी गोष्ट तुमच्या कामाची नसेल तर सोडून द्या. आशीर्वाद पाठवत राहा, तेवढ्यावर आमचं भागतं.

तुमची
सून


दि. १९ जून

चि. सूनबाईस अ. उ. आ. वि. वि.

कामाची नसेल, म्हणतेस? अगं, मोठ्या खोट्याला छोटं खरंच लागतं!

मी केक भाजले. तुकडे करून ताटात मांडले, वर रुमाल टाकला आणि गुडघा ओढत दारोदार गेले. माझी नात नळीने प्यायला लागली, तोंड गोड करा, म्हटलं. समोरचीने घाबरत विचारलं, कुठली नात? म्हटलं, एकच आहे, पाच वर्षांची, जन्मल्यापासून जिवंत. ती तिथेच चपलांच्या स्टुलावर बसली. सगळ्यात मोठा तुकडा साहेबांच्या घरी दिला.

चिरंजीव घरी आले ते लालबुंद. म्हणे, आई, लोकांचा गैरसमज होतोय. म्हटलं, होत नाहीये, होता. तो मी दूर करतेय. म्हणे, माझ्या बढतीचं चाललंय, साहेबांना घरचं वळण बघायची सवय आहे, हे थांबव. मी विचारलं, साहेबांना व्हॅनिला आवडतं की चॉकलेट?

जेवला नाही. नको तर नको, ताट झाकून ठेवलं.

मुंगीला पापा. माझ्या वाटचं भांडण मी करते, तू फक्त जेवत जा.

तुझी
सासू


दि. ३ जुलै

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ‘जन्मल्यापासून जिवंत’ हे व्यायामवाल्या ताईंना सांगितलं तर त्या चटईवर लोळून हसल्या.

बातमी आहे. मुंगी आपली आपण कुशीवरून पालथी झाली. अडकलेला हात तिने स्वतः ओढून काढला. वर बघितलं ते असं, जणू पलंग तिनेच उलटा केलाय.

पण एक सांगते, रागावू नका. मला तेवढ्याने पुरेना. पुढच्या ताटासाठी आणखी काही हवं म्हणून मी तिला सारखी वळवत राहिले. ती रडली तरी थांबले नाही. ताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, पोर काही तुमच्या सैन्यात भरती झालेली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ठरवलंय, ती जे आपणहून करेल तेच कळवायचं. त्याला जाळायचं तेवढं जाळू, पण सरपण माझ्या लेकीचं नको.

माया आहे ती अशीच राहू द्या. गुडघ्याला तेल लावा.

तुमची
सून


दि. २० जुलै

चि. सूनबाईस अ. उ. आ. वि. वि.

ताईंना माझा नमस्कार सांग, बरोबर बोलल्या. पालथं पडल्याचा केक मात्र वाटला! आता वॉचमनही विचारतो, आजी, नातीचं नवीन काय?

साहेबांच्या बायकोने फोटो मागितला. मी मुंगीचा हसरा दिला. तो साहेबांपर्यंत गेला. त्यांनी ह्याला केबिनमध्ये बोलावलं. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण बाहेर आला तो रजा घेऊनच. रविवारी तो तुझ्याकडे येतोय. मुंगीहून उंच बाहुली आणलीय.

खरं सांगू? तो बुटांना पॉलिश करत बसला होता, तेव्हा मला त्याचा कळवळा आला. शेवटी पोटचा गोळा. तुला लिहिणार होते, जाऊ दे, पदरात घे. तेवढ्यात त्याने विचारलं, साहेबांना दाखवायला मुलीला कडेवर घेतलेला फोटो बरा की मांडीवरचा? मग मी लेखणी परत झाकून ठेवली.

दार तुझं आहे. उघड नाहीतर उघडू नकोस. मी दोन्हीकडून तुझीच.

तुझी
सासू


दि. २८ जुलै

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

दार उघडलं. चहा दिला. ताई होत्या, त्यांना मी मुद्दाम थांबवून घेतलं होतं.

त्याने बाहुली पुढे केली. मुंगी त्याच्याकडे बघून तोंड भरून हसली. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, ओळखलं तिने मला, रक्त आहे शेवटी. मी म्हटलं, असं ती नळ दुरुस्त करायला येणाऱ्याकडे बघूनही हसते. तो बाहुलीचा फ्रॉक नीट करायला लागला. मला बरं वाटलं, आई. फार बरं वाटलं. खोटं का सांगू?

मग मोबाइल काढून तो फोटोसाठी उजेड कुठून येतो ते बघत राहिला. मुंगी तिच्या खुर्चीत होती, समोर पिवळा कप. तिने दोन्ही हात कपाभोवती नेले. मी रोज मागून तिची कोपरं धरते. त्या वेळी नेमकी किटली माझ्या हातात होती. तिने कप उचलला. डगमगला. ओठांना लावला, प्यायली आणि खाली ठेवला. आडवा पडला नाही.

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी ताईंकडे. त्याच्या डोळ्यांदेखत घडलं आणि त्याला कळलं नाही. मी सांगितलं नाही. ताईंनीही नाही. त्याने फोटो घेऊ का, विचारलं, तर मी नको म्हटलं. तो गेल्यावर आम्ही दोघी मुंगीला मध्ये घेऊन नाचलो. खालचा भाडेकरू छत वाजवायला लागला तरी थांबलो नाही.

हे फक्त तुम्हाला लिहितेय. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची
सून


दि. ३ ऑगस्ट

चि. सूनबाईस अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी सगळ्यात मोठा केक भाजला. वर क्रीम लावलं. कॉलनीत वाटून आले. साहेबांच्या बायकोने मला मिठीच मारली. एक तुकडा मागे ठेवला.

तो आला. तुकड्याकडे बघून भीत भीत विचारलं, आता काय केलं तिने? मी सांगितलं, कपाने प्यायली. दोन्ही हातांनी, कुणाच्या आधाराविना, जन्मात पहिल्यांदा. तू समोर बसला होतास तेव्हा.

त्याने तुकडा उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, हो, कप होता. पिवळा. मला वाटलं सांडेल, म्हणून मी खुर्ची मागे घेतली. आणि मग, तू त्याला लहानपणी पाहिलं नाहीस, अगदी तेव्हासारखं तोंड करून मला विचारायला लागला. तिने कपाचा कान धरून उचलला की खालून? घोट किती घेतला? प्यायल्यावर हसली का? कुणाकडे बघितलं?

मी म्हटलं, मला काय विचारतोस बाबा? मी तर इथे होते. तिथे तू होतास.

लोभ सगळा तुझ्याकडे आणि मुंगीकडे. त्याच्या वाटचाही तुम्हीच वाटून घ्या.

तुझी
सासू