शुक्रवारी पाचपर्यंत

१२ मार्च, सोमवार

आठ महिने! आठ महिने खपून लिहिलेली नियमावली आज मोठ्या साहेबांच्या कचेरीतून परत आली, आणि कलम एकोणीस गायब. अठरानंतर थेट वीस. आकडे सरळ करायचीही तसदी घेतली नाही मेल्यांनी.

दहा वर्षांहून जास्त काळ अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राबणाऱ्यांना कायम करायचं, हे ते कलम. अख्ख्या नियमावलीत मला अभिमान वाटावा असं तेवढंच होतं. त्याच्या जागी विसाव्यात एक ओळ घुसवली आहे – दहा वर्षं झालेल्यांचे करार यापुढे वाढवायचे नाहीत. का, म्हणून विचारलं तर उत्तर, "अंदाजपत्रकात बसत नाही." अंदाजपत्रकाचं प्रकरण मीच लिहिलंय. व्यवस्थित बसतं.

१३ मार्च, मंगळवार

आमचे विभागप्रमुख आजपासून दोन आठवडे रजेवर. डोंगरात जाणार, फोन बंद ठेवणार. बरोबर मुहूर्त साधला! कलमाचं काढलं तर बॅगेची चेन ओढत म्हणाले, "काळजी कशाला करतेस? तू आहेस ना इथे." मी असून काय उपयोग? असलं गोड बोलून सटकायची जुनीच सवय आहे त्यांची.

शिवाय जाता जाता कागदांचा गठ्ठा पुढ्यात. त्यांचा सेक्रेटरी सहीच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या लावून ठेवतो. चिठ्ठी दिसली की सही ठोकायची, पान उलटायचं. बावीस सह्या केल्या. शेवटच्या दोन-तीन तर इतक्या रागात की कागद फाटायचा राहिला.

१४ मार्च, बुधवार

मसुदा सकाळी नऊला सगळ्या विभागप्रमुखांकडे गेला. आमच्याकडची रीत अशी – शुक्रवारी पाचपर्यंत कुणी काही बोललं नाही तर मंजूर, आणि मग दोन वर्षं त्याला हात लावायचा नाही. एका, फक्त एका प्रमुखाने "हरकत आहे" एवढी ओळ पाठवली, तरी सगळं परत चर्चेला.

मला ती ओळ पाठवता येत नाही. मी लिहिणारी. लिहिणाऱ्याने लिहायचं आणि गप्प बसायचं. आमच्या साहेबांच्या जागी प्रभारी नेहमीप्रमाणे खरेदीचा प्रमुख असणार. आम्ही त्याला हो-हो म्हणतो, कारण तो कशालाच नाही म्हणत नाही.

समोरच्या टेबलावर भाषांतरवाल्या बाई बसतात. चौदा वर्षं. दर वर्षी अकरा महिने झाले की त्यांचं दाराचं कार्ड बंद होतं, एक महिना घरी बसायचं, मग पुन्हा नवं कार्ड. या देशात राहायचा त्यांचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. करार वाढला नाही तर साठ दिवसांत देश सोडायचा. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे.

"होईल ना हो काहीतरी?" एवढंच विचारलं त्यांनी. मी म्हटलं, होणार म्हणजे होणारच.

१५ मार्च, गुरुवार

दिवसभर दारं झिजवली.

हो-हो – "हो हो, घोर अन्याय आहे. टाकतो हरकत." एकटा दोन दोन पदं सांभाळतोय, निदान एकातून तरी पाठवेल.

इमारत सांभाळणाऱ्या मॅडम – "मी पाठवलीच असती, पण खरेदीवाले पाठवतायत ना?"

हिशेब तपासनीस बाई – "मसुदा वाचला नाही अजून. मंजूर होणारच आहे, मग काय वाचायचं?" हे तपासनीस! न वाचता माना डोलावणाऱ्यांच्या हातात माणसांची आयुष्यं दिली आहेत इथे. डोकं फिरलं माझं.

१६ मार्च, शुक्रवार

पाच वाजले. एकही ओळ नाही.

पाच वाजून दोन मिनिटांनी हो-होकडे गेले. "अरे हो हो, राहिलंच बघ." राहिलंच! डबा आणायचा राहिला असावा तसं म्हणाला. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. पूर्ण मजला ऐकत होता. ऐकू दे.

१७ मार्च, शनिवार

नवऱ्याशी कडाक्याचं भांडले. म्हणाला, "ऑफिसात गप्प बसतात ते लोक, आणि बोलणी मी खायची?"

१९ मार्च, सोमवार

भाषांतरवाल्या बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मलाच म्हणाल्या, "तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नसतं. मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "इतक्या मोठ्या इमारतीत एकाही प्रमुखाला तुमच्यासाठी एक ओळ लिहावीशी वाटली नाही. लाज वाटली पाहिजे त्यांना." त्या खोकी आणायला उठल्या. आता शब्दकोश खोक्यात भरतायत, स्वतःच्या पैशांनी घेतलेले.

२२ मार्च, गुरुवार

हो-होशी बोलणं बंद. तपासनीस बाईंशीही. जेवायला एकटीच बसले.

२७ मार्च, मंगळवार

साहेब परतले. मी भांडायच्या तयारीनेच आत गेले. तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "हरकत का नाही पाठवलीस?"

मी म्हटलं, मी कशी पाठवणार?

त्यांनी ड्रॉवरमधून एक आकाशी फॉर्म काढून समोर ठेवला. प्रमुख रजेवर असताना त्याचे सगळे अधिकार लेखी कुणाकडे तरी द्यायचे, एकही खुर्ची एक दिवससुद्धा रिकामी ठेवायची नाही – हा नियम तीन वर्षांपूर्वी मीच केला, फॉर्मही मीच बनवला. प्रभारी म्हणून माझं नाव. खाली माझी सही, अजून पिवळी चिठ्ठी चिकटलेली.

"म्हणून तर या वेळी खरेदीवाल्याला दिलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, तू एका मिनिटात पाठवशील."

मी जागेवर येऊन बसले आहे. समोर बाई तिसरं खोकं बांधतायत. मघाशी म्हणाल्या, "जरा दोरी धरता का?" मी धरली.