ऋतुजाच्या केसांतला गुलाल

शनिवार, कोरेगाव

शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक आज झालीच नाही. मुलांनी मधल्या सुट्टीत बसून सुजयला मुख्यमंत्री ठरवलं आणि ऋतुजानं माघार घेतली. मुख्याध्यापक खूश. "बिनविरोध! गावाचा गुण लागला पोरांना. आपली ग्रामपंचायतही बिनविरोधच होते!" गुलालही उधळला.

मी ऋतुजाला विचारलं, "तुला उभं राहायचं होतं ना?"

"व्हय मॅडम. पण समदी म्हनली, भांडान नगं. गावात बी असंच करत्यात की."

बोलताना ती केसांतला गुलाल झटकत होती. जातच नव्हता.

आमच्या घरात शाळा शिकलेली मी पहिली. आई अजूनही घरच्यांना विचारते, मत कुणाला द्यायचं? आणि मी तरी शाळेत मुलांना काय शिकवतेय?

सोमवारी मतदान घ्या, असं सरांना सांगायचं. रागावतील बहुतेक. पण तो गुलाल... ऋतुजाला निदान हरायला तरी मिळालं पाहिजे.