डावखुरा हिरो

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वहिनीचा हेवा काही माझ्या मनातून जात नाही. काल म्हशाच्या जत्रेसाठी माहेरी आले. वहिनी भाकऱ्या थापत होती आणि तिची दोन्ही पोरं आपापल्या हिरोवरून भांडत होती. एकाचा म्हणे नुसतं अंग दाखवतो, दुसऱ्याच्याला धड नाचता येत नाही. वहिनी हसून म्हणाली, "तुमी काय भांडता रे! भांडावं तर आप्पांनी." आणि पिठाचा हात तसाच हवेत धरून तिनं तुमची नक्कल केली. हुबेहूब. लेक मी तुमची, पण मला ती जमत नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

तिच्या लग्नाला महिनाही झाला नसेल तेव्हा. तुम्ही दोघं ओटीवर बिरड्याचे वाल सोलत बसला आहात आणि ही नवी नवरी बेधडक म्हणते, "आप्पा, तुमचा हिरो डावखुरा हाय." तुमच्या हातातला वाल उडतो. "काय बोलतेस गो! उजव्या हातानं ठोसा मारतो तो!" ती वाढली म्हशाला, दरवर्षी जत्रेत तंबूतला सिनेमा बघत. तंबूत पडदा मधोमध असायचा, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. पडद्यामागून बघणाऱ्या बायकांना सगळं चित्र उलटं, उजव्याचं डावं दिसायचं. मी लहानपणी पडद्याखालून इकडेतिकडे पळायचे, त्यामुळे मला दोन्हीकडचं ठाऊक होतं. पण मला कोण विचारतंय?

ते भांडण दोन वर्षं पुरलं. धसईच्या बाजारातून आलात की पाणी प्यायच्या आधी तुमची हाक, "कुठं गेली ती डावखुऱ्याची भक्तीण?" मला मात्र, "चहा ठेव." मी आपली दर वेळी तुमची बाजू घ्यायचे, आप्पा म्हणतात तेच बरोबर. एकदा तुम्ही वळून म्हणालात, "तू गप गो. तिला बोलू दे." तेव्हा तोंड पाडून मी परसात गेले, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग एका दुपारी मला राहवलं नाही. पडदा कुठे असतो, बायका कुठे बसतात, हात उलटा का दिसतो, सगळं शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं. तुम्ही वहिनीकडे पाहिलंत. तिनं मान खाली घातली. "असं होय," म्हणालात आणि बैलाला पाणी दाखवायला उठलात. पुढचे चार दिवस ओटीवर वाल सोलल्याचा तेवढा आवाज. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

काल धीर करून वहिनीला विचारलं, तुला खरंच ठाऊक नव्हतं का गं?

"माझा बाप त्या तंबूच्या दाराशी तिकिटं फाडायचा. मला ठाऊक नसंल? आन् आप्पांनाबी ठाऊक होतं."

"मग भांडत का होता?"

"मजा यायची," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. "तुमी सांगितलंत त्या दिवशी आप्पा मला म्हणाले, आपली पोर भांडाय कधी शिकायची?"

हे तुम्ही मला का नाही म्हणालात, आप्पा? रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सकाळी भाच्याच्या वहीतलं पान फाडून लिहायला बसले. हे पाठवायचं तरी कुठे, चुलीतच जाईल. पण एक सांगून टाकते. तुमचा तो हिरो मला कधीच आवडला नाही. रडायला लागला की एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचा, आणि लहानपणी तंबूत तुमच्या शेजारी बसून, तुम्ही डोळे पुसत असताना मी परकरात तोंड लपवून हसायचे. तुमच्याजवळ बसायला मिळावं, म्हणून हो म्हणत राहिले.