महिन्याला इंचभर

बाबा, तुमचे डोळे मिटलेले आहेत आणि मी कापसाची वात तुमच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला टेकवून थांबले आहे. पडवीत ऊन आलं आहे. तुमचा तळहात पाटावर उताणा. तुम्ही मान जराशी कलती करता, हाताकडून काही ऐकू येतंय का ते पाहत असल्यासारखी.

"खंयच्या बोटाक लागला?" मी विचारते.

"मधल्या."

"नाय. पयल्या."

"परत लाय."

मी परत लावते. या वेळी तुम्ही जास्त वेळ घेता. "मधल्याच," तुम्ही म्हणता आणि डोळे न उघडता हसता. "हात माझो, पण बोटा कोणाची ता देवाक ठाव."

मग मी वात मधल्या बोटाला लावते आणि तुम्ही अगदी खात्रीनं सांगता, पयला. अशा दहा वेळा. मी वहीत लिहिते : दहापैकी सहा चुकले.

अपघात होऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. आसवाच्या बाटलीत बूच दाबताना बाटलीची मान फुटली आणि काच मनगटात आडवी गेली. रक्त थांबलं, जखम भरत आली, आणि मग लक्षात आलं की अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट तुमच्याशी बोलत नाहीत. तिसरं बोट अर्धं जागं होतं. एस.टी.नं आंबोलीचा घाट चढून तुम्हांला बेळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मनगट पुन्हा उघडून तुटलेल्या मज्जातंतूची दोन टोकं शिवली. निघताना ते तुम्हांला म्हणाले, "वैद्य आहात, म्हणून स्पष्ट सांगतो. टाक्याच्या खालचा सगळा तंतू मेला. आत त्याच्या रिकाम्या नळ्या उरल्यात. वरचं टोक त्या नळ्यांतून नव्यानं वाढत खाली येईल. महिन्याला इंचभर. तेही आलं तर."

तो इंचभर मोजायचं काम माझं. मी सातवीत होते, माझ्याकडे फूटपट्टी होती आणि रविवारी शाळा नसायची. मनगटापासून बोटांकडे मी टिचक्या मारत जायची. ज्या जागेवर टिचकी मारली की तुमच्या निर्जीव बोटांत मुंग्या उठत, तिथवर तंतू पोचला, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. मी तिथं शाईचा ठिपका द्यायची आणि टाक्यापासूनचं अंतर वहीत उतरवायची. आंघोळीत ठिपका जाई, वहीतला राही. ज्याला कधी पाहिलं नाही असं काहीतरी तुमच्या कातडीखालून, आपण जेवत असताना, झोपलेले असताना, पुढे सरकत होतं. वर्गात गणित चालू असताना मी स्वतःच्या तळहाताकडे बघत बसायची.

मधल्या त्या महिन्यांत तुम्ही एकदा चुलीवरचा पेजेचा टोप उजव्या हातानं उतरवलात. आई ओरडली, "अवो, हात जळता तुमचो!" तुम्ही हाताकडे पाहिलंत, शेजाऱ्याच्या हाताकडे पाहावं तसं. टोप सावकाश खाली ठेवलात. दोन बोटांवर फोड आले होते आणि तुमच्या चेहऱ्यावर दुखण्याची रेघही नव्हती. आई रडायला लागली. तुम्ही मला हळूच म्हणालात, "वयीत लिव. ऊन लागना नाय."

नाडी बघणं तुम्ही त्या दिवसांत बंद ठेवलं होतं. औषधं देत होता, जीभ बघत होता, विचारपूस करत होता, पण मनगट धरत नव्हता. आपल्याकडे नाडी तीन बोटांखाली वाचतात. पहिल्याखाली वात, मधल्याखाली पित्त, तिसऱ्याखाली कफ. बोटांत जाग आली, पण पहिल्याचं मधल्यात आणि मधल्याचं पहिल्यात लागायला लागलं, तेव्हा तुम्ही ठरवलंत की दहापैकी दहा बरोबर आल्याशिवाय कोणाच्या हाताला हात लावायचा नाही. डाव्या हातानं बघा, असं आई म्हणाली तर तुमचं उत्तर तयार होतं. "डावो अजून शाळेतच गेलो नाय. ह्या वयात तेका पाटी घेवन बसवू?"

कुंपणापलीकडच्या काकींना घेरी यायची. त्या दर आठवड्याला यायच्या आणि दर आठवड्याला रागावून जायच्या. "वैद्यानू, ती माझी नाडी आसा, काय तुमका चावतली?"

"चावाची नाय. खोटा सांगात. म्हणजे ती नाय, माझी बोटा."

"तर मी मरान जातंय, तवसर तुमी बोटा मोजत रवा."

"कट्टा गावाक दवाखानो आसा, काकी. थंय जावा."

"थंयचो डागदर माझ्या हाताक हात लायता तो घड्याळाकडे बघीत. तेका माझी घेरी दिसता काय घड्याळात?"

तुम्ही हसलात, पण त्या गेल्यावर बराच वेळ पडवीच्या खांबाला टेकून उभे राहिलात.

मला त्या महिन्यांतलं सगळ्यांत जास्त आठवतं ते तुमचं प्रश्न विचारणं. तुम्ही मलाच विचारायचात, जणू मला ठाऊक असणार. "हेका वाट कशी गावता गो? आत तर काळोख. डोळे नाय, कान नाय."

"नळी आसा म्हणान."

"नळी आसा, बरा. पण पुढे जावचा असा तेका कोण सांगता? मागे कित्याक येना नाय?" मग तुम्हीच थोड्या वेळानं म्हणालात, "बोट हाक मारीत आसतला."

"कसली हाक?"

"वासासारख्या कायतरी. फणस खंय पिकलो ता कोणी सांगूचा लागता? नाक जाता थंय."

मी तेव्हा हसले. फणसाचा वास घेत हातातून चालणारा तंतू मला फार गमतीचा वाटला.

आता मी एका कॉलेजात मराठी शिकवते. गेल्या महिन्यात आमच्याकडच्या प्राणिशास्त्राच्या बाई एक परदेशी मासिक घेऊन बसल्या होत्या. मी पानाकडे बघत उभी राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "कवितेतलं काही नाहीये यात. कोंबडीच्या अंड्यातल्या पिलाची मज्जागाठ आहे." दोन छायाचित्रं होती. एकात काचेवर नुसती गाठ, एखाद्या काळ्या बीसारखी. दुसऱ्यात तसलीच गाठ, पण तिच्याजवळ एका द्रव्याचा थेंब सोडलेला, आणि तिच्यातून चारी बाजूंना बारीक तंतू फुटलेले, सावरीच्या कापसासारखे. एका दिवसात, त्या म्हणाल्या. ते द्रव्य सापाच्या विषातही भरपूर सापडलं. हे ऐकताच मला तुम्ही आठवलात. फुरसं चावलेला माणूस आपल्या अंगणात आणून ठेवलेला तुम्ही किती वेळा पाहिला असेल. त्याच विषात तंतूला वाढवणारं काही असावं, हे तुम्हांला कळलं असतं तर तुम्ही त्या दिवशी जेवला नसता.

मी त्यांना तुमच्या हाताबद्दल सांगितलं. फणसाचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, वाढत्या तंतूच्या टोकाशी एक चपटा पंजा असतो, त्याला केसाएवढी बोटं असतात. ती पुढे येतात, चाचपतात, मागे जातात. पेशीपेशींतून काही द्रव्यं झिरपत असावीत आणि तो पंजा त्यांच्या मागावर जात असावा, असं आता बऱ्याच जणांना वाटतं. "तुमच्या वडिलांच्या हातात हेच झालं असं मी म्हणणार नाही हं," त्या म्हणाल्या. "पण विचारलेला प्रश्न बरोबर होता."

मग मी विचारलं, बोटं अदलाबदल का झाली? टाक्यापाशी हजारो तंतू आणि हजारो नळ्या, त्या म्हणाल्या. ज्याला जी समोर आली तीत तो शिरतो. मधल्या बोटाचा तंतू पहिल्या बोटात जाऊन राहतो. मेंदूला कोण कळवणार? तो जुन्या पत्त्यावरच विश्वास ठेवतो. तंतू काही परत मागे येत नाही. मेंदूलाच नव्यानं शिकवावं लागतं, बोट दाखवून, चुकलं की चुकलं सांगून, पुन्हा पुन्हा. "कोणीतरी चिकाटीनं चुका सांगणारं लागतं," त्या म्हणाल्या आणि चहा ओतायला वळल्या.

तुम्ही शिकलात. दहापैकी सात, आठ, मग मध्येच पाच, मग नऊ. दहा यायला आणखी पाच महिने लागले. त्यानंतर चार वर्षं, शेवटच्या आजारापर्यंत, तुम्ही नाडी बघत होता, आणि काकींनी सगळ्या वाडीत सांगितलं होतं की वैद्यांचा हात पूर्वीपेक्षा हळू चालतो पण जास्त ऐकतो. ते खरं होतं की नाही, मला ठाऊक नाही. ती वही माझ्याकडे आहे. काल मी ती काढली. तिच्यात एक पान असं आहे की त्याच्यामुळे मी हे लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, कोणाला दाखवायचंही नाही.

दहाव्या महिन्यातला पहिला रविवार. आदल्या दिवशी काकी आपल्या दारात पायरीवरच बसल्या होत्या, घेरी येऊन. तुम्ही त्यांना पाणी दिलंत, पाठीला हात लावलात आणि मनगट धरलं नाहीत. जाताना त्या या वेळी रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "रवांदे, वैद्यानू. नाय जमना तर नाय." त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. रविवारी मी वात घेऊन बसले. तुम्ही डोळे मिटलेत. चार चुकले. मी दहाही वेळा बरोबर म्हणाले. वहीत लिहिलं, दहापैकी दहा. या कामाला बसवताना तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माका खूश करूक तुका नाय बसवलंय. चूक ती चूक म्हणाची." मला ते नीट आठवत होतं, तरी मी लिहिलं. तुम्ही डोळे उघडून हाताकडे पाहिलंत, आणि मग काकींना निरोप पाठवलात, उद्या सकाळी या.

बाबा, मला एवढंच कळायचं राहिलंय की तुम्हांला काय कळलं. बोटं चुकतात हे, की मी खोटं सांगितलं हे? माझी नाडी तुम्हांला माझ्या जन्मापासून पाठ होती. त्या बाईंच्या मासिकात याचं उत्तर असणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आल्या, पाटावर बसल्या आणि डावा हात पुढे केला. तुम्ही त्यांना थांबा म्हणालात आणि मला बोलावलंत. माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवलीत, डोळे मिटलेत आणि बराच वेळ तसेच बसलात. मग हात सोडलात. काकींना म्हणालात, "अजून नाय, काकी. दसरो होवंदे." त्या काहीतरी पुटपुटत उठल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "जा. शाळेक उशीर होतलो तुका."