इंजिनाची होडी मेव्हण्यास देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती (आता बंद), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वखुशीने लिहीत आहे. शुद्ध हरपली होती ती चार वर्षांपूर्वी. तो तपशील कलम दोनमध्ये आहे.

१. राहते घर आधीपासून पत्नीच्याच नावावर आहे. तिला देण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही, त्यामुळे ती साक्षीदार व्हायला हरकत नाही, असे वकीलसाहेब म्हणतात. दुकानातली सर्व हत्यारे धाकट्या बहिणीला. तिचा हात माझ्याहून स्थिर आहे. हे मी आजवर कबूल केले नव्हते.

२. इंजिनाची होडी मेव्हण्यास. "दाजी, जग कुठल्या कुठे गेलं आणि तुम्ही अजून वाऱ्याची वाट बघत बसलाय," असे तोच म्हणाला आणि मी भरीस पडलो. एकोणतीस वर्षे वापरलेली शिडाची होडी दातांच्या डॉक्टरांना विकली. तिच्यातून पलीकडचा किनारा गाठायला अर्धा दिवस लागे. सुकाणू पत्नी धरी, शीड मी सांभाळी. वाटेत भांडण निघे आणि किनारा यायच्या आत मिटे, कारण उठून जायला जागाच नसे. इंजिनाने आम्ही अकरा मिनिटांत पोहोचलो. तिथे करण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून परत आलो. डबा उघडलासुद्धा नाही. भांडण मात्र सोबत घरी आले, ते अजून इथेच आहे. त्यानंतर ती होडीत बसलेली नाही. मला तिची फार आठवण येते. ती शेजारच्या खोलीत असते.

वळताना मी अजूनही "डोकं खाली" असे ओरडतो. डोक्यावरून फिरणारी शिडाची काठी आता नाही, तरी मेव्हणा दर वेळी वाकतो. होडी त्याला एकाच अटीवर मिळेल: दर रविवारी त्याने आपल्या बायकोला तिच्यातून फिरवावे.

३. दातांचे डॉक्टर माझ्या होडीतून मुद्दाम सावकाश जातात आणि हात हलवतात. त्यांना माफ केलेले नाही. तरी माझी शेवटची फेरी त्याच होडीतून व्हावी. सुकाणू पत्नीने धरावे. वारा पडल्यास थांबावे, मला घाई नसेल. तेवढ्यात तिने राहिलेले भांडण पुरे करावे. मी मध्ये बोलणार नाही.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: सतरा मार्च, मंगळवार
(सही)

साक्षीदार १: वकीलसाहेबांचे कारकून (सही)

साक्षीदार २: पत्नी (सही). वाचलं. तुम्ही गप्प पडून राहणार, मग मी भांडू कुणाशी? दातांच्या डॉक्टरांना आत्ताच फोन केलाय. रविवारी होडी देतायत. सकाळी सातला निघू.