रोज कोणीतरी बंद करून जातं

नेपरव्हिल,
गुरुवार, २२ जानेवारी

चि. रुपालीस,

अनेक आशीर्वाद. तिकडे प्लेनोत तुम्ही तिघं खुशाल असाल. आन्याचा खोकला गेला का? तिला ज्येष्ठमधाची काडी चघळायला दे. नकुल नाक मुरडेल, मुरडू दे. इथे बर्फाचा अगदी वीट आलाय. ड्राइव्हवे साफ करणारा येऊन जातो, पण पायऱ्यांवर मीठ मलाच टाकावं लागतं.

सुनेला पत्र लिहायची ही काय नवी हौस, असं तुला वाटेल. हौस कसली! फोन केला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि म्हणतात, स्पीकरवर लाव. मग हवापाण्याखेरीज काय बोलणार?

नकुल रोज विचारतोय, "आई, स्मार्ट की स्टँडर्ड? जस्ट पिक वन!" त्याचा जीव खोल्या गरम करणाऱ्या या रेडिएटरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकलाय. त्याने पाठवलेले सगळे व्हिडिओ मी बघितले. साधा म्हणजे आकडे असलेली मूठ. तीनवर ठेवली की खोली तेवढी गरम, आणि कोणी हात लावेपर्यंत तशीच. स्मार्टमध्ये बॅटरी, वायफाय, आणि कुठल्या खोलीत किती ऊब, व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी बंद झाला, सगळं फोनवर. हाताने फिरवला तरी फोनवरून पुन्हा हवा तसा करता येतो. दीपाकडे हळदीकुंकवाला गेले तर बायका मलाच विचारायला लागल्या, इतकी मी तयार झालेय. मी सगळ्यांना साधेच घ्या म्हणून सांगितलं. बॅटऱ्या कोण बदलणार? वायफाय गेलं तर काय? नकुललाही हीच कारणं देत आलेय. कारणं शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

ख्रिसमसला तुम्ही आला होतात, तेव्हा सकाळी आन्या कुडकुडत माझ्या पांघरुणात शिरली. "आजी, माय रूम इज फ्रीझिंग!" नकुलने जाऊन रेडिएटरला हात लावला तर थंडगार. मी पटकन म्हणाले, व्हॉल्व्ह जुने झालेत, आपोआप बंद होतात. त्याने विश्वास ठेवला आणि तेव्हापासून नवीन व्हॉल्व्हच्या मागे लागलाय. अगं, लोखंडाची चाकी आपोआप फिरेल कशी? तू माझ्याकडे बघितलंस, ते मला दिसलं होतं. तेव्हा काही बोलली नाहीस, ते बरं केलंस.

व्हॉल्व्ह बाबा बंद करतात.

तुमच्याकडे नागपूरला झोपण्याआधी गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचे ना? सांगलीला आमच्या घरी ते काम बाबांचं. स्वयंपाकघरातून येऊन मला सांगायचे, "बंद केला गं," मगच दिवा मालवायचा. इथे आलो, सिलिंडर सुटला, आणि ते सगळं मी विसरूनही गेले होते. या दिवाळीपासून जेवण झालं की ते एकेका खोलीत जातात, वाकतात, रेडिएटरची चाकी घट्ट फिरवतात आणि मला येऊन सांगतात, "बंद केला गं." चेहऱ्यावर इतकं समाधान असतं की मी नुसतं "बरं" म्हणते. ते आडवे झाले की मी मागून फिरून सगळे उघडते. ख्रिसमसला आन्याच्या खोलीतला तेवढा उघडता आला नाही, ती झोपली होती आणि दार वाजतं. वर जायचा तो जिनाही आता मला झेपत नाही.

दर ऑक्टोबरला स्वतः किल्ली घेऊन रेडिएटरमधली हवा काढणारा हा माणूस. नकुललाही त्यांनीच शिकवलं. मध्ये एकदा, डोकं ताळ्यावर असताना, माझा हात धरून म्हणाले, "मला काहीतरी होतंय. नकुलला सांगू नकोस. तो हे घर विकायला लावेल." मी कबूल केलं. स्मार्ट व्हॉल्व्ह बसवले तर नकुलला रोज संध्याकाळी प्लेनोत बसून दिसणार, एकेक खोली बंद होताना. म्हणून मला साधे हवे होते. वायफायचं मला काय गं पडलंय!

सोमवारी मी किराणा आणायला गेले आणि बर्फामुळे रस्त्यातच अडकले. आले तर घर गारठलेलं. बाबा स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून बसलेले, ओठ निळे पडलेले. भर दुपारी सगळे बंद केले होते, आणि उघडायचे कसे ते आठवत नव्हतं. मला बघून हळूच म्हणाले, "प्रतिमा, रोज कोणीतरी येतं आणि हे बंद करून जातं. नकुल म्हणतोय ते बसवून घे. त्यात कळेल ना, कोण ते?"

मी म्हटलं, कळेल. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. रुपाली, मी दमलेय. दिलेला शब्द पाळून मी त्यांना थंडीत मारीन, अशी भीती वाटते.

तर स्मार्टच घ्या. पार्सलने पाठवू नका, नकुलला घेऊन येऊ दे. बसवायचं निमित्त होईल, आणि त्यांना डॉक्टरकडे न्यायला माझ्याबरोबर कोणीतरी हवंय. हे पत्र त्याला तू वाचून दाखव. स्वतः वाचायला घेतलं तर तो मराठी अक्षरं लावत बसेल. घराचं काय करायचं ते मग बोलू, मी हट्ट करणार नाही.

एकच गोष्ट. त्या व्हॉल्व्हला लॉक असतं म्हणे, कोणी फिरवला तरी फिरत नाही. ते लॉक लावू नका. बाबांना बंद करू दे. ते "बंद केला गं" म्हणाले की मी मिस्ड कॉल देईन. मग नकुलने तिथून उघडावेत.

आणि कोण बंद करतं ते कळलं का, असं त्यांनी विचारलं, तर नकुलने सांगावं, घरातलंच माणूस आहे बाबा, काळजी करू नका.

आता पुरे करते. बाबा जेवून उठलेत, हॉलमधल्या रेडिएटरपाशी वाकलेत.

तुमची वाट बघणारी,
आई